घरपट्टीतील न्याय आणि नगरपालिकेचा स्वाभिमान

राज्यातील नगरपरिषदांच्या निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या आणि बहुतेक ठिकाणी जवळजवळ चार वर्षांच्या प्रशासकीय राजवटीनंतर लोकनियुक्त सभागृहे पुन्हा अस्तित्वात आली. लोकशाहीच्या दृष्टीने ही समाधानाची गोष्ट होय. निवडणुकीच्या धामधुमीत रस्ते, गटारे, नळयोजना, उद्याने यांची चर्चा नेहमीच भरपूर होते. या सोयींचा खर्च कोणी व किती उचलावयाचा, याची चर्चा मात्र सहसा होत नाही. ‘घरपट्टी वाढू देणार नाही’ एवढे एक वाक्य उच्चारले की तो विषय संपला, असे सर्व पक्षांनी जणू आपसांत ठरवून ठेवलेले असते. नव्या सभागृहांच्या कारकीर्दीच्या आरंभीच या विषयाचा शांतपणे विचार व्हावा, या हेतूने हा लेखनप्रपंच आहे.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. घरपट्टीचा दर किती, यापेक्षा तिची आकारणी सर्वांना एकाच मापाने झाली आहे काय, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. जी नगरपालिका हे माप सरळ करण्यास कचरते, ती करवाढ टाळल्याचे श्रेय घेत असली तरी प्रत्यक्षात आपल्यातील दुबळ्या नागरिकांवरच अधिक बोजा टाकीत असते. शिवाय स्वतःच्या खर्चासाठी मुंबईकडे आणि दिल्लीकडे पाहण्याची सवय तिला लागते.

घाटावरचे एक बाजाराचे गाव

बुलढाणा जिल्ह्यात ११ नगरपरिषदा आहेत. त्यांपैकी घाटावरील चिखलीचे उदाहरण घेऊ. २०११ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या सुमारे ५८ हजार होती. चाळीस हजारांहून अधिक आणि एक लाखापर्यंत वस्ती असलेल्या गावांचा जो ‘ब’ वर्ग कायद्याने केला आहे, त्यात चिखली मोडते. खामगाव, मेहकर, बुलढाणा आणि देऊळगावराजा या चारही दिशांच्या वाटा येथे एकत्र येतात. तालुक्याचे ठिकाण, सोयाबीन-कापसाची बाजारपेठ, औद्योगिक वसाहत, शाळा-महाविद्यालये आणि दवाखाने यांमुळे भोवतालच्या खेड्यांतील माणूस रोज येथे येतो. रेणुकादेवीच्या यात्रेत तर गावाची वस्ती काही दिवस फुगतेच.

या येणाऱ्या माणसाला रस्ता, दिवा, पाणी आणि स्वच्छता नगरपालिकेनेच पुरवावयाची असते. त्याने आणलेल्या मालाच्या ट्रॅक्टरने झिजलेला रस्ताही तिनेच दुरुस्त करावयाचा असतो. तो स्वतः कर भरतो तो आपल्या ग्रामपंचायतीला. यात त्याचा काही दोष नाही. त्याच्याच खरेदी-विक्रीवर गावातील दुकाने चालतात. परंतु येथे अर्थशास्त्रातील एक साधा धडा आहे. या वर्दळीमुळे हमरस्त्यावरील गाळ्याचे, गोदामाचे आणि मोकळ्या भूखंडाचे मोल वाढते. हे वाढलेले मोल मालकाच्या श्रमाने निर्माण झालेले नसते. ते गावाच्या भरभराटीने आणि सार्वजनिक खर्चाने निर्माण झालेले असते. हेन्री जॉर्ज या अमेरिकन विचारवंताने १८७९ साली हाच मुद्दा जमिनीच्या संदर्भात मांडला होता. त्याचा एकमेव जमीन कराचा आग्रह आपण मान्य केला नाही, तरी सार्वजनिक पैशाने वाढलेल्या मूल्याचा काही अंश सार्वजनिक तिजोरीत परत यावा, या त्याच्या म्हणण्यातील न्याय नाकारता येत नाही. हा अंश नगरपालिकेकडे परत आणणारे साधन म्हणजे घरपट्टी होय.

जकात गेल्यानंतर

एकेकाळी नगरपालिकांचा मोठा आधार जकात हा होता. गावात शिरणाऱ्या मालावर वेशीवरच्या नाक्यावर ती वसूल होत असे. या करात दोष पुष्कळ होते. मालमोटारी तासन्‌तास खोळंबत, नाक्यावर हात ओले करावे लागत, आणि कर अखेरीस गरिबाच्या मिठा-तेलावरही पडत असे. तरीही जकातीचा एक गुण मान्य करावा लागेल. व्यापार वाढला, किमती वाढल्या की ती आपोआप वाढत असे. त्यासाठी कोणाला सभागृहात ठराव आणावा लागत नसे.

महाराष्ट्रातील नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये रद्द झाली आणि तिची जागा राज्य सरकारच्या सहायक अनुदानाने घेतली. महानगरपालिकांना पुढे २०१० पासून टप्प्याटप्प्याने स्थानिक संस्था कर मिळाला. तोही बहुतांशी २०१५ मध्ये गेला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हा मुंबईची उरलेली जकातही संपली. त्या वेळी महानगरपालिकांच्या बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढवून देण्याची हमी राज्याने कायदा करून दिली. नगरपरिषदांची जकात त्याआधी अठरा वर्षे गेलेली होती.

या सगळ्या स्थित्यंतरातून छोट्या गावाच्या नगरपालिकेकडे स्वतःच्या अधिकारातला, भरवशाचा आणि वाढण्याजोगा असा मोठा कर एकच उरला, तो म्हणजे मालमत्ता कर. व्यवसाय कर राज्याचा, वाहन कर राज्याचा, मुद्रांक शुल्क राज्याचे. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने १९९३ पासून बाराव्या परिशिष्टात १८ विषय नगरपालिकांच्या संदर्भात नमूद केले. कामांची यादी अशी लांबली. उत्पन्नाच्या साधनांची यादी मात्र आखूड होत गेली. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नगरपालिकांच्या अर्थव्यवहारावर जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यानुसार भारतातील नगरपालिकांचे उत्पन्न व खर्च दशकाहून अधिक काळ राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे एका टक्क्यावरच रेंगाळले आहेत. ब्राझीलमध्ये हे प्रमाण ७ टक्क्यांच्या वर, तर दक्षिण आफ्रिकेत ६ टक्क्यांच्या घरात आहे. आपल्याकडील मालमत्ता कराचे उत्पन्न तर राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाव टक्क्यालाही पोचत नाही. धनिक देशांत ते सरासरीने सुमारे एक टक्का असते.

आकारणीची रीत

घरपट्टी कशी ठरते, हे पुष्कळ सुशिक्षित नागरिकांनाही ठाऊक नसते. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ हा त्याचा आधार आहे. त्यापूर्वी वऱ्हाडातील नगरपालिकांना १९२२ चा मध्यप्रांत व वऱ्हाडचा कायदा लागू होता. १९६५ च्या कायद्यातील परंपरागत रीतीनुसार एखादे घर वाजवी रीतीने भाड्याने दिले तर वर्षाला किती भाडे येईल, याचा अंदाज करावयाचा. त्यातून दुरुस्तीखर्चापोटी १० टक्के वजा करावयाचे. जे उरेल ते करयोग्य मूल्य. त्यावर ठरलेल्या टक्केवारीने कर बसतो.

हे मूल्य एकदा ठरले की कायमचे झाले, असे कायद्याला अभिप्रेत नाही. निदान चार वर्षांतून एकदा सगळ्या मालमत्तांची आकारणी यादी नव्याने करावी, ती प्रसिद्ध करावी, नागरिकांच्या हरकती ऐकाव्यात आणि मग ती कायम करावी, अशी तरतूद आहे. गावात हिला ‘चतुर्वार्षिक आकारणी’ म्हणतात, आणि हे दोन शब्द कानी पडताच सभागृहातील वातावरण तापते. मोर्चे निघतात, निवेदने दिली जातात आणि पुष्कळदा आकारणीला स्थगिती मिळून सर्वजण सुटकेचा निःश्वास टाकतात.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. घरपट्टीच्या बिलावर जी एकूण रक्कम असते, ती सगळी नगरपालिकेची नसते. शिक्षण उपकर आणि निवासेतर इमारतींवरील रोजगार हमी उपकर हे राज्याचे कर आहेत. नगरपालिका ते केवळ गोळा करून देते. नागरिक मात्र बिलाची शेवटची ओळ पाहतो आणि सगळा राग नगरपालिकेवर काढतो. बिलावर ‘यातील आपल्या गावाचे किती, राज्याचे किती’ हे ठळक अक्षरात छापले तरी निम्मा गैरसमज दूर होईल.

जुन्या मापाचा अन्याय

आकारणी लांबणीवर टाकल्याने कोणाचे नुकसान होते, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. एकाच रस्त्यावर सारख्याच आकाराची आणि सारख्याच सोयींची दोन घरे आहेत, असे समजा. एकाची आकारणी फार वर्षांपूर्वी झाली, तेव्हा त्याचे मासिक भाडेमूल्य २०० रुपये धरले गेले. दुसरे घर अलीकडे बांधले. त्याचे भाडेमूल्य आजच्या भावाने ३,००० रुपये धरले. कराचा दर समजा २५ टक्के आहे. पहिल्या घराचे वार्षिक भाडेमूल्य २,४०० रुपये. १० टक्के वजा जाता करयोग्य मूल्य २,१६० रुपये. कर ५४० रुपये. दुसऱ्याचे वार्षिक भाडेमूल्य ३६,००० रुपये; करयोग्य मूल्य ३२,४०० रुपये; कर ८,१०० रुपये. घरे सारखी, रस्ता एक, गटार एक, दिवा एक. आणि कर मात्र पंधरापट.

आता दोन्ही घरांची आकारणी आजच्या भावाने केली आणि नगरपालिकेचे एकूण उत्पन्न मात्र पूर्वीइतकेच, म्हणजे ८,६४० रुपये ठेवावयाचे ठरविले, तर कराचा दर २५ टक्क्यांवरून १३.३३ टक्क्यांवर येतो आणि प्रत्येक घराला ४,३२० रुपये कर बसतो. नगरपालिकेला एक पैसाही अधिक मिळाला नाही. पहिल्याचा कर वाढला, दुसऱ्याचा जवळजवळ निम्मा झाला, आणि दोघे सारखे झाले. फेरआकारणी ही मुळात कराची वाटणी नीट करण्याची क्रिया आहे. एकूण कर वाढवावयाचा की नाही, हा त्यानंतरचा वेगळा निर्णय आहे. या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळेच सगळा गोंधळ होतो, आणि ही गल्लत करण्यात ज्यांचे हित आहे ते ती दूर होऊ देत नाहीत.

हित कोणाचे, हे शोधण्यास फार लांब जावे लागत नाही. जुन्या बाजारपेठेतील मोक्याच्या जागा ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, ज्यांनी एकमजली घराचे तीनमजली संकुल केले पण यादीत ते एकमजलीच राहिले, ज्यांच्या निवासी इमारतीत खाली गोदाम आणि वर शिकवणीवर्ग चालतात, त्यांना जुनी यादी सोयीची असते. उलट, ज्याने कर्ज काढून गावाच्या टोकाला एका गुंठ्यावर नवे घर बांधले, त्या शिक्षकाचे, बस-वाहकाचे किंवा खेड्यातून आलेल्या छोट्या शेतकऱ्याचे घर आजच्या भावाने यादीत चढते. त्याच्या दारापर्यंत डांबरी रस्ता अनेकदा पोचलेला नसतो. कर मात्र पोचलेला असतो. मोर्चा काढण्याइतकी सवड आणि सभागृहात शब्द टाकण्याइतकी ओळख त्याच्यापाशी नसते. ‘घरपट्टी वाढू देणार नाही’ या घोषणेने त्याचे काहीच वाचत नाही, हे त्याला कोणी समजावूनही सांगत नाही.

लांबणीवर टाकण्याची किंमत

हा रोग आपल्याकडचाच आहे असे नव्हे. इंग्लंडमध्ये घरांवरील स्थानिक कराचे फेरमूल्यांकन १९७३ नंतर टाळले गेले. स्कॉटलंडमध्ये ते १९८५ मध्ये झाले, तेव्हा अनेक घरमालकांचे कर एकाएकी वाढले आणि संतापाची लाट उसळली. त्यातून सरकारने घरावरचा कर काढून माणशी डोईपट्टी आणण्याचे ठरविले. ती स्कॉटलंडमध्ये १९८९ ला आणि इंग्लंडमध्ये १९९० ला लागू झाली. सरदार आणि त्याचा माळी यांनी सारखाच कर भरावा, ही कल्पना लोकांना मानवली नाही. लंडनमध्ये दंगल झाली. त्याच वर्षी श्रीमती थॅचर यांना पंतप्रधानपद सोडावे लागले आणि त्याच्या कारणांत या कराचा वाटा मोठा होता. १९९३ मध्ये पुन्हा घराच्या मूल्यावर आधारलेला कर आणावा लागला. गंमत अशी की त्यासाठी धरलेली एप्रिल १९९१ ची मूल्ये इंग्लंडने पुढे बदललीच नाहीत. कटू औषध टाळण्याचा मोह तेथेही सुटलेला नाही.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने जून १९७८ मध्ये लोकमत घेऊन मालमत्ता कराला वेसण घातली. कर मूल्याच्या एका टक्क्याहून अधिक नसावा, आणि घर विकले जाईपर्यंत त्याचे करासाठीचे मूल्य वर्षाला फार तर दोन टक्क्यांनी वाढावे, असे ठरले. परिणामी शेजारीशेजारी असलेल्या सारख्या घरांच्या करांत कित्येक पटींचा फरक पडला. जो आधी आला त्याला सवलत, जो नंतर आला त्याच्यावर भार. आपल्याकडे हेच लोकमत न घेता, केवळ चालढकलीने घडत असते.

उलट उदाहरणही देशातच आहे. पाटणा महानगरपालिकेने १९९३ मध्ये भाडेमूल्य ठरविण्याची जुनी, अधिकाऱ्याच्या मर्जीवर चालणारी रीत सोडून रस्त्याचा दर्जा, बांधकामाचा प्रकार आणि वापर यांनुसार दर चौरसफुटामागे मूल्य ठरविण्याची सोपी पद्धत आणली. मूल्ये वास्तवाच्या जवळ आल्यामुळे कराचा दर ४३.७५ टक्क्यांवरून ९ टक्क्यांपर्यंत उतरविता आला. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ही पद्धत वैध ठरविली. पुढे इतर शहरांनीही अशा वाटेने जाण्यास आरंभ केला. मूल्याचा पाया रुंद केला तर दराची उंची कमी ठेवता येते, हा या अनुभवाचा बोध आहे. मात्र मूल्याचा आधार बदलताना नियम काटेकोर हवेत. मुंबईने २०१० पासून भांडवली मूल्यावर आधारलेला कर आणला, तेव्हा जमिनीवर भविष्यात किती बांधकाम होऊ शकेल हेही मूल्य ठरविताना धरणारे नियम केले गेले. उच्च न्यायालयाने ते रद्द केले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. आज जे अस्तित्वात आहे त्यावर कर असावा, उद्याच्या शक्यतेवर नव्हे, असा त्याचा मथितार्थ.

अनुदान आणि अधिकार

यावर कोणी म्हणेल की, राज्य व केंद्र सरकार अनुदाने देतच आहेत. मग गावकऱ्यांना कशाला त्रास द्यावयाचा? अनुदानांची आवश्यकता प्रस्तुत लेखकालाही मान्य आहे. चिखलीसारखे गाव ज्या सोयी भोवतालच्या साऱ्या तालुक्याला पुरविते, त्यांचा सगळा खर्च गावातल्याच घरांवर टाकणे न्याय्य होणार नाही. मोठी नळयोजना किंवा सांडपाण्याची योजना घरपट्टीतून उभी राहू शकत नाही, हेही उघड आहे. परंतु अनुदानाने दैनंदिन कारभार चालविण्याची सवय लागली की दोन अनर्थ होतात.

पहिला असा की, अनुदान दुसऱ्याच्या अटींवर येते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी दहा लाखांहून कमी वस्तीच्या शहरांना जी अनुदाने सुचविली, त्यांतील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांसाठी बांधून दिली होती. ही बंधने वाईट हेतूने घातलेली नव्हती. पण गावाला आधी कशाची निकड आहे, हा निर्णय गावाबाहेर होतो. याच आयोगाने आणखी एक अट घातली होती. राज्याने मालमत्ता कराचे किमान दर जाहीर करावेत आणि त्या कराची वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या गतीने वाढावी. तसे न झाल्यास शहरी अनुदान मिळू नये. म्हणजे ज्यांनी घरपट्टी टाळण्यासाठी अनुदानाचा आसरा घेतला, त्यांना घरपट्टीकडेच परत पाठविण्यात आले.

दुसरा अनर्थ अधिक खोल आहे. कर भरणारा माणूस हिशेब विचारतो. अनुदानाचा हिशेब विचारण्याची कोणाला फारशी निकड वाटत नाही. आपल्या नागरी लोकशाहीचा जन्मच करदात्यांच्या रागातून झाला आहे. मुंबईत १८६५ नंतर म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी सुधारणांचा धडाका लावला. कामे चांगली होती, पण खर्च हाताबाहेर गेला आणि १८७१ मध्ये करदात्यांनी हिशेबासाठी आवाज उठविला. त्याची परिणती १८७२ च्या कायद्यात झाली. त्यानुसार नगरपालिकेच्या ६४ सभासदांपैकी ३२ करदात्यांनी निवडून देण्याचे ठरले. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव त्यानंतर दहा वर्षांनी, मे १८८२ मध्ये आला. मताचा अधिकार केवळ करदात्यांपुरता असणे आज आपल्याला मान्य होणार नाही, आणि तसे व्हावेही लागत नाही. परंतु कर आणि जाब यांचे नाते तेव्हाइतकेच आजही खरे आहे.

हिशेब कसा विचारावा, याचाही वस्तुपाठ आपल्यापाशी आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० मध्ये लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा त्याला विरोध करणारे ते एकटेच निघाले. हा पैसा गरिबांच्या शिक्षणासाठी वापरावा, असे त्यांचे म्हणणे होते. लोकांनी भरलेल्या पट्टीचा एकेक रुपया कोठे जातो, यावर नजर ठेवणारा असा एखादा तरी सभासद प्रत्येक सभागृहात असेल, तर घरपट्टी भरण्यास नागरिक इतकी कुरकुर करणार नाहीत.

दोन रास्त हरकती

फेरआकारणीविरुद्धच्या सगळ्याच हरकती स्वार्थी असतात असे मात्र म्हणता येणार नाही. त्यांपैकी दोन गंभीरपणे विचारात घेतल्या पाहिजेत. पहिली अशी की, घराचे मोल वाढले म्हणून मालकाची मिळकत वाढतेच असे नाही. बाजारपेठेतील वडिलोपार्जित घरात एकटी राहणारी वृद्ध विधवा किंवा तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर जगणारा कारकून यांच्यापाशी भिंती आहेत, रोकड नाही. त्यांच्यासाठी सगळ्या गावाची यादी गोठवून ठेवणे हा उपाय नव्हे. कारण त्या सवलतीचा मोठा वाटा शेजारच्या सराफालाही मिळतो. त्यांच्यापुरता कर पुढे ढकलावा आणि घर विकले जाईल किंवा वारसांकडे जाईल तेव्हा तो वसूल करावा, यासाठी कायद्यात तरतूद करून घ्यावी. मुंबईत २०२२ मध्ये ५०० चौरसफुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला. मुंबईला ते परवडले असेल. चिखलीसारख्या गावात बहुसंख्य घरे लहानच असतात. तेथे अशी सरसकट माफी म्हणजे कराचा पायाच उखडणे होईल. गरिबाला सवलत द्यावी ती गरिबी पाहून. केवळ क्षेत्रफळ पाहून ती देऊ नये.

दुसरी हरकत अशी की, नळाला पाणी नाही, गटारे तुंबलेली आहेत. मग कर कशाचा? हा प्रश्न विचारण्याचा नागरिकांना पूर्ण अधिकार आहे. उन्हाळ्यात पाण्यासाठी ताटकळणे आपल्या जिल्ह्यातील गावांना नवे नाही. परंतु कर भरला जात नाही म्हणून सेवा निकृष्ट, आणि सेवा निकृष्ट म्हणून कर भरला जात नाही, हे रहाटगाडगे कोणीतरी प्रथम थांबविले पाहिजे. ते थांबविण्याची पहिली जबाबदारी नगरपालिकेची आहे, कारण संस्था तिची आहे आणि अधिकारही तिच्याकडे आहेत.

नव्या सभागृहाने काय करावे?

आरंभी एक जाहीर ठराव करावा: फेरआकारणीच्या पहिल्या वर्षी गावाचे घरपट्टीचे एकूण उत्पन्न वाढविले जाणार नाही. मूल्ये नव्याने ठरतील, आणि कायद्याच्या व शासनाने घालून दिलेल्या मर्यादेत दर त्या प्रमाणात उतरविला जाईल. असे वचन दिले आणि पाळले, तर फेरआकारणी म्हणजे लूट, हा समज टिकणार नाही. ज्यांचा कर एकदम अनेक पटींनी वाढेल, त्यांची वाढ तीन-चार वर्षांत विभागून लागू करता यावी, यासाठी शासनाकडे आग्रह धरावा.

त्यानंतर संपूर्ण आकारणी यादी प्रभागवार लावावी. नाव, मजले, वापर, मूल्य आणि कर हे सगळे नगरपालिकेच्या फलकावर आणि संकेतस्थळावर सर्वांना पाहता आले पाहिजे. आपल्याच आळीतील तीनमजली इमारत यादीत एकमजली दिसली की लोक स्वतःच बोलू लागतील. शंभर निरीक्षक जे करू शकणार नाहीत ते शेजाऱ्याची नजर करील. सभासदांच्या स्वतःच्या आणि त्यांच्या निकटच्या नातेवाइकांच्या मालमत्ता या यादीत अग्रभागी असाव्यात.

थकबाकीची वसुली मोठ्यांपासून सुरू करावी. थकीत करावर दरमहा २ टक्के शास्ती लागते. लहान माणूस तिच्या भीतीने मार्चअखेर रांगेत उभा राहतो, तर मोठा थकबाकीदार पुढच्या अभय योजनेची वाट पाहतो. वारंवार येणारी माफी म्हणजे वेळेवर कर भरणाऱ्याला केलेला दंडच होय. शासकीय व निमशासकीय कार्यालयांकडील येणेही याच यादीत, लपवाछपवी न करता, प्रसिद्ध व्हावे. सरकारच थकबाकीदार राहिले तर नागरिकाला उपदेश करण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही.

आणि जे जमा झाले त्याचा हिशेब घरोघर पोचावा. बिलाच्या पाठीमागे गेल्या वर्षी रस्ते, दिवे, पाणी, सफाई आणि पगार यांवर किती खर्च झाला, हे पाच-सहा ओळींत छापता येते. त्याला खर्च फारसा नाही. लागते ती केवळ इच्छा.

राज्य सरकारकडेही काही मागावयाचे आहे. महानगरपालिकांना भरपाईची जशी कायद्याने हमी मिळाली, तशीच सूत्राने वाढणारी आणि कायद्याने बांधलेली हमी नगरपरिषदांच्या सहायक अनुदानाला असावी. आकारणीला राजकीय दडपणाखाली स्थगिती देण्याचा मोह मंत्रालयाने आवरावा. मूल्ये ठरविणारी यंत्रणा स्थानिक दडपणापासून दूर, तज्ज्ञ आणि पुरेशी असावी. या तीन गोष्टी राज्याने केल्या, तर पुढचे गावाने करावे, असे म्हणण्याचा नैतिक अधिकार त्याला प्राप्त होईल.

अॅडम स्मिथने अडीचशे वर्षांपूर्वी चांगल्या कराच्या ज्या कसोट्या सांगितल्या, त्यांत समानता आणि निश्चितता या पहिल्या दोन होत्या. घरपट्टीला या दोन कसोट्या लावून पाहाव्यात, एवढीच नव्या सभासदांना विनंती आहे. आपल्या प्रभागातील सारख्या दोन घरांना सारखा कर आहे काय, आणि आपल्याला कर किती व का बसला हे प्रत्येक घरमालकाला सांगता येते काय, या दोन प्रश्नांची उत्तरे त्यांनी पहिल्या अर्थसंकल्पापूर्वी शोधावीत. उत्तर नकारार्थी आले, तर अर्थसंकल्पाच्या चर्चेत पहिला ठराव फेरआकारणीचाच असला पाहिजे.